समोरचा दात आणि त्याचे शेजारी

दाढ गेल्याचे वर्तमान मनुष्य आपल्यापुरते ठेवू शकतो. समोरचा दात गेला की मात्र ते पहिल्या वाक्याबरोबरच जगजाहीर होते. बोलताना हात नकळत तोंडापुढे जाऊ लागतो, छायाचित्राच्या वेळी ओठ मिटले जातात, आणि ज्या वर्णांचा उच्चार आपण बालपणापासून विचार न करता करीत आलो, ते त, द, स हे वर्ण, जिभेला टेकावयास आधार न उरल्याने, वाऱ्यासारखे निसटून जातात. पेरूचा लचका तोडणे किंवा कणसाचे दाणे दातांनी खुडणे या साध्या सुखांना मुकावे लागते ते निराळेच. अशा मनःस्थितीत माणूस दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि 'वाटेल ते करा, पण ही फट बुजवा' एवढीच दरखास्त करतो. आणि पुढे वर्षानुवर्षे निस्तरावे लागणारे पुष्कळसे निर्णय याच घाईत होऊन जातात.

माझ्या मते हा निर्णय फटीकडे पाहून करावयाचाच नसतो. तिच्या दोन्ही अंगांस उभे असलेले दात अक्षत आहेत की आधीच किडलेले, भरलेले अथवा टोपी चढविलेले आहेत. हिरडी निरोगी आहे की मिश्रीने, तंबाखूने आणि साचलेल्या किटणाने सुजून दातांपासून सुटत चालली आहे. खालचे हाड शाबूत आहे की झिजले आहे. आणि रुग्णाचे वय काय, एवढी चौकशी नीट केली म्हणजे चार-पाच पर्यायांपैकी दोन-तीन आपोआप बाद होतात. हिरडीच्या रोगाने एक दात गळून पडला असेल, तर त्याचे शेजारीही त्याच वाटेवर असण्याचा संभव मोठा असतो, आणि अशा वेळी हिरडीचे उपचार पुरे होईपर्यंत कायमच्या दाताची भाषा न करणाराच वैद्य भला समजावा.

हाडाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. जबड्याच्या ज्या कडेत दात रोवलेले असतात ती कड दातांसाठीच असते आणि दात गेल्यावर तिला टिकण्याचे कारण उरत नाही. वरच्या पटाशीच्या दातांपुढे, ओठांच्या बाजूस, हाडाचा जो पापुद्रा असतो त्याची जाडी बहुसंख्य माणसांत एक मिलिमीटरही भरत नाही; दात काढल्यावर प्रथम विरतो तो हाच. दात काढल्यापासून वर्षाच्या मुदतीत त्या कडेची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, आणि या घटीचा दोन-तृतीयांश भाग पहिल्या तीन महिन्यांतच उरकलेला असतो. म्हणून दात काढण्याचा बेत ठरत असतानाच पुढे काय बसवावयाचे याची चर्चा झाली पाहिजे. जखम भरून आल्यावर सवडीने पाहू, असे म्हणणाऱ्याचे हाड सवड काढून थांबत नाही.

येथे विषयाला थोडी बगल देऊन एक गोष्ट सांगून टाकतो. क्रिकेटच्या चेंडूने किंवा दुचाकीच्या अपघाताने अखंड दात मुळासकट बाहेर पडला, तर तो रुमालात गुंडाळून खिशात टाकू नये आणि घासून स्वच्छ तर मुळीच करू नये. मुळाला हात न लावता पांढऱ्या भागाकडून धरावा, माती लागली असल्यास क्षणभर धुवावा आणि साधल्यास तिथल्या तिथे खाचेत परत बसवावा. ते न साधल्यास थंड दुधात ठेवून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत दंतवैद्य गाठावा. आपला स्वतःचा दात पुन्हा धरण्याची उमेद त्या पहिल्या तासात सर्वाधिक असते. लहान मुलांच्या दुधाच्या दातांना मात्र हा नियम लागू नाही; ते परत बसवीत नाहीत.

आता पर्यायांकडे वळू. सर्वांत जुना आणि आजही सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काढ-घाल करता येणारी कवळी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती कठीण केलेल्या रबराची बनत असे. 1930 नंतरच्या दशकात ॲक्रिलिक आले आणि हिरडीसारख्या गुलाबी रंगाची, हलकी, दुरुस्त होऊ शकणारी कवळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. शेजारच्या दातांना हिच्यासाठी फारसे घासावे लागत नाही, दात काढल्या दिवशीच ती तोंडात बसवता येते, आणि पुढे विचार बदलला तर काहीही गमावलेले नसते. हा तिचा तिसरा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोष उघड आहेत: टाळूवर पातळ पत्रा आल्याने पहिले काही दिवस तोंड भरल्यासारखे वाटते, शेजारच्या दातांना धरून ठेवणाऱ्या तारा कधी हसताना दिसतात, हाड झिजत गेले की ती सैल होऊन पुन्हा भरून घ्यावी लागते, आणि रात्री ती काढून न ठेवणाऱ्याची हिरडी लाल होऊन सुजते. तारा दिसू नयेत म्हणून नायलॉनची लवचीक कवळी हल्ली पुष्कळ खपते. दिसावयास ती खरोखर सुरेख असते, पण सैल झाल्यावर तिची दुरुस्ती कठीण असते हे विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. एकाच दाताची, तारांविना नुसती अडकवलेली चिमुकली कवळी मात्र घेऊ नये. घासाबरोबर किंवा झोपेत ती घशात गेल्याची उदाहरणे आहेत, आणि साधे ॲक्रिलिक क्ष-किरणांच्या चित्रात उमटत नसल्याने ती नेमकी कोठे अडकली आहे हे शोधणेही बिकट होऊन बसते.

दुसरा पर्याय ब्रिजचा. यात दोन्ही बाजूंच्या दातांना चोहोबाजूंनी घासून, त्यांवर टोप्या चढवून, मधला दात त्या टोप्यांना जोडून टांगलेला असतो. स्वतःचा पाया नसलेल्या खोलीची तुळई शेजाऱ्यांच्या दोन भिंतींत घुसवावी तसा हा मामला आहे, आणि म्हणून भिंतींची संमती, म्हणजे त्यांची प्रकृती, आधी पाहिली पाहिजे. शेजारचे दात आधीच मोठाल्या भरणांनी पोखरलेले असतील, किंवा नस काढून टोपीच्या प्रतीक्षेत असतील, तर ब्रिज हा उत्तम उपाय आहे. ज्या टोप्या तशाही लागणारच होत्या त्यांच्याकडून एका दाताचे काम जास्तीचे करून घेतले जाते. पण तेच दात निष्कलंक असतील, तर एका गेलेल्या दातापायी दोन चांगल्या दातांचा बळी देणे होय, आणि ही माझी अतिशयोक्ती नव्हे. समोरच्या दातावर चिनीमातीसारख्या पदार्थाची संपूर्ण टोपी बसविण्यासाठी त्याच्या दृश्य भागाचा साठ ते सत्तर टक्के हिस्सा घासून टाकावा लागतो असे मोजमापांत आढळले आहे. असा घासलेला दात कधी काही वर्षांनी आतून मरतो आणि टोपीला भोक पाडून नस काढावी लागते. उपचार दोन-तीन भेटींत पुरा होतो, दिसतो छान, आणि कवळीसारखे काही काढावे-घालावे लागत नाही. या तीन कारणांनी तो आपल्याकडे इतका लोकप्रिय आहे की पुष्कळ ठिकाणी दुसरा पर्याय रुग्णापुढे मांडलाही जात नाही. या लोकप्रियतेविषयी माझी इतराजी आहे ती एवढ्याचसाठी.

कारण घासण्याविना ब्रिज बसविण्याची एक रीत गेली कित्येक दशके उपलब्ध आहे. 1955 मध्ये अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी दाताचे कवच सौम्यपणे आम्लाने खरवडल्यास त्यास राळेसारखे पदार्थ घट्ट चिकटतात हे दाखविले, आणि 1980 च्या सुमारास मेरीलँड विद्यापीठात त्या तत्त्वावर असा ब्रिज सिद्ध झाला की ज्यात मधल्या दाताला दोन्ही बाजूंनी धातूचे पातळ पंख असतात आणि ते शेजारच्या दातांच्या पाठीमागे, जिभेच्या बाजूस, चिकटविले जातात. प्रथमावतारात त्याची एक खोड होती. चावताना दोन्ही शेजारी आपापल्या परीने किंचित निरनिराळे हलतात. त्या ओढाताणीत एक पंख सुटतो, दुसरा धरून ठेवतो, रुग्णाला काहीच कळत नाही, आणि सुटलेल्या पंखाखाली दात गुपचूप किडत राहतो. पुढे जर्मनीतील मथियास केर्न हे असे ब्रिज धातूऐवजी सिरॅमिकचे करीत असताना त्यांच्या ध्यानात आले की काहींचा एक जोड मोडूनही उरलेल्या एकट्या पंखावर दात सुखाने तग धरून राहिला आहे. त्यांनी मग दुसरा पंख मुद्दामच वगळावयास आरंभ केला. आता झिर्कोनिया या सिरॅमिकचा, एकाच शेजाऱ्याला एकाच पंखाने चिकटविलेला दात दहा-दहा वर्षे टिकल्याचे पुरावे प्रसिद्ध झाले आहेत, आणि तो निसटला तरी बहुधा परत चिकटविता येतो. गमावण्यासारखे फारसे काही केलेलेच नसते. ज्यांचे खालचे दात वरच्या दातांच्या पाठीवर जोराने आपटतात, जे झोपेत दात खातात, किंवा ज्यांच्या शेजारच्या दाताचे कवचच झिजले आहे, त्यांना मात्र हा मानवत नाही. जन्मतःच बाजूचा पटाशीचा दात नसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीसाठी माझ्या मते याहून शहाणा उपाय नाही.

असे म्हणण्याचे कारण इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात रोवलेल्या कृत्रिम मुळावरच्या दाताच्या, वयोमर्यादेत आहे. 1952 मध्ये स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रानेमार्क यांनी सशांच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियमची उपकरणे त्यांत बसविली, आणि प्रयोगांती ती काढू गेले तो हाडाने ती इतकी आपलीशी केली होती की निघेनात. त्या अडचणीतून दंतरोपणाचा जन्म झाला. 1965 मध्ये गोथेनबर्ग येथे गोस्टा लार्सन या जन्मजात जबड्याच्या व्यंगाने गांजलेल्या गृहस्थाच्या खालच्या जबड्यात चार रोपणे बसविली गेली, आणि 2006 मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ती त्यांच्या सेवेत होती. शेजारच्या दातांना स्पर्शही न करणारा आणि स्वतःच्या पायावर उभा राहणारा असा हा एकच कृत्रिम दात. पण हाडाशी एकजीव झालेले हे मूळ जबड्याबरोबर वाढत नाही. वाढ पुरी होण्याआधी ते बसविले तर शेजारचे दात खाली उतरत जातात आणि रोपणाचा दात मागे, आखूड राहतो. म्हणून मुलींत साधारण अठरा आणि मुलांत वीस-एकवीस वर्षांपर्यंत थांबणे शहाणपणाचे, आणि त्यानंतरही वाढ थांबली याची खात्री करूनच.

शिवाय समोरच्या भागात रोपण हे दाढांच्या मानाने फार नाजूक काम आहे. मागे दाढेपाशी हिरडी दोन मिलिमीटर वर सरकली तर कोणी पाहत नाही. समोर तीच गोष्ट हसताक्षणी दिसते आणि हिरडी पातळ असल्यास आतल्या धातूची राखाडी छाया जाणवते. हाड विरले असल्यास आधी हाडाची भर घालावी लागते, मूळ हाडात रुजण्यास बहुधा तीन ते सहा महिने द्यावे लागतात, मधुमेह आटोक्यात नसल्यास किंवा धूम्रपान सुटत नसल्यास अपयशाचा धोका वाढतो, आणि खर्च कवळीच्या कित्येक पट होतो. पटाशीचे चारही दात गेले असतील तर चार रोपणे मागू नयेत; लगत-लगतच्या दोन रोपणांमध्ये हिरडीचे टोक नीट उभे राहत नाही व काळा त्रिकोण दिसतो. कडेला दोन रोपणे आणि त्यांवर चार दातांचा ब्रिज, हीच रीत बहुधा अधिक देखणी आणि स्वस्तही ठरते. कधी कधी दात बसवावयाचाच नसतो: तारा लावून सुळा पुढे सरकविला आणि त्याचा आकार थोडा बदलला की फटच नाहीशी होते, विशेषतः ज्या मुलांचे दात मुळातच दाटीने आलेले आहेत त्यांच्यात.

पैशाचा प्रश्न आपल्याकडे शेवटी बोलला जातो आणि निर्णय मात्र तोच करतो. त्यासाठी फूटपाथवर किंवा बाजाराच्या दिवशी एका बैठकीत 'पक्का दात' बसवून देणाऱ्याकडे जाण्याचे कारण नाही. तो तोंडातच ॲक्रिलिक कालवून शेजारच्या दातांना तारेने बांधून टाकतो, त्याखाली अन्न कुजते, आणि दोन-तीन वर्षांत एका फटीच्या तीन फटी होतात. कायद्याप्रमाणे हा व्यवसाय नोंदणीकृत वैद्यानेच करावयाचा आहे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत नायर रुग्णालयाचे महाविद्यालय 1933 पासून चालू आहे; तेथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी हीच कामे पुष्कळ कमी दरात करतात, फक्त वेळ हाताशी असावा लागतो. तोही नसेल तर साधी तारांची कवळी वापरून वर्ष-दोन वर्षे पैसा जमविणे हे चांगल्या दातांना घासून मोकळे होण्यापेक्षा शतपट बरे.

आणि रंगाची गोष्ट. दाताची छटा भेटीच्या आरंभीच, तोंड ओले असताना आणि शक्य तर खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात ठरवून घ्यावी. तासभर तोंड उघडे राहून दात सुकले की ते असतात त्याहून पांढरे भासतात, आणि त्यावरून केलेला नवा दात पुढे शेजाऱ्यांत खडूसारखा उठून दिसतो. चाळिशी उलटलेल्या माणसाने अगदी शुभ्र आणि काटेकोर सरळ दात मागू नये; जुना फोटो सोबत नेऊन दाखवावा. तात्पुरता दात बसला की घरी जाऊन मोठ्याने वाचून पाहावे, 'स' आणि 'फ' अडतात का ते पाहावे, घरच्या माणसांचे मत घ्यावे, आणि काय खटकते ते पुढच्या भेटीत स्पष्ट सांगावे. पक्का दात चिकटवल्यावर तो बदलावयाचा तर बहुधा फोडूनच काढावा लागतो.