सूडाचे सिंहासन



वसंतातल्या व्याख्यानाला यावयाचे ते चार चांगले विचार पदरात घेऊन घरी जाण्यासाठी. अशा ठिकाणी आम्ही एका सूडाने पेटलेल्या मुलीची गोष्ट सांगावयास उभे राहिलो आहोत, तेव्हा आरंभीच थोडा खुलासा केला पाहिजे. आमचे शाळेतले शिक्षण नववीत आटोपले. पुढचे जे काही झाले ते कामगारवस्तीतल्या वाचनालयात आणि कारखान्यांच्या गेटसभांत. इंग्रजी आम्ही अजूनही कोश मांडीवर घेऊन वाचतो. गेल्या वर्षी आमच्या धाकट्या मुलीने एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आमच्या हाती ठेवली आणि बजावले, "बाबा, वाचून झाल्यावर 'ती चुकली' एवढंच सांगू नका. तिनं दुसरं काय करायला हवं होतं, ते सांगा." त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

कादंबरीचे नाव 'द रोझ सोसायटी', म्हणजे गुलाबमंडळ. लेखिका मेरी लू. ह्या बाई १९८४ साली चीनमध्ये जन्मल्या, लहानपणीच अमेरिकेत गेल्या आणि पूर्णवेळ लेखन करू लागण्यापूर्वी संगणकावरचे खेळ तयार करण्याच्या धंद्यात होत्या. त्यांच्या एका कथामालेचे तीन भाग आहेत. 'द यंग इलाइट्स' हा २०१४ साली आला, 'द रोझ सोसायटी' २०१५ साली, आणि 'द मिडनाइट स्टार' २०१६ साली. आपण बोलणार आहोत ते मुख्यतः मधल्या भागाविषयी.

इंग्रजीत साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी एक निराळे वाङ्मय लिहिले जाते. ते बालवाङ्मय नव्हे आणि प्रौढांचेही नव्हे. १९६७ साली एस. ई. हिंटन ह्या मुलीने शाळकरी वयात लिहिलेली 'द आउटसायडर्स' ही कादंबरी छापली गेली, तेव्हापासून ह्या वाङ्मयाला विशेष जोर आला असे मानतात. पुढे त्यात जादू, काल्पनिक राज्ये आणि युद्धे आली. ह्या पुस्तकांचा एक ठरलेला साचा आहे. गांजलेले पोर असते, त्याच्या अंगी काही शक्ती प्रकटते, ते जुलमी सत्तेशी झुंजते, आणि इतके सोसूनही त्याचे मन निर्मळ राहते. मेरी लू यांनी नेमका हा शेवटचा धागा उसवला आहे. इतके सोसल्यावर मन निर्मळ राहिले नाही तर काय, असे त्या विचारतात.

कथेतला देश केनेट्रा. तो काल्पनिक असला तरी त्याची ठेवण जुन्या इटलीसारखी आहे. तेथे रक्तज्वराची साथ येऊन गेली आहे. साथीत सापडलेली मोठी माणसे मेली. काही मुले वाचली, पण अंगावर खुणा घेऊन. अशांना लोक 'मालफेट्टो' म्हणतात आणि अपशकुनी समजून हिडीसफिडीस करतात. ॲडेलिना अमूटेरू ही त्यांतलीच. तिचा डावा डोळा गेला आणि केस रुपेरी झाले. आई साथीतच गेली. बाप तिचा छळ करतो आणि अखेर कर्ज फेडण्यासाठी तिला एका व्यापाऱ्याची रखेली म्हणून विकावयास निघतो. ती पळते, बाप आडवा येतो, आणि त्या झटापटीत तिची शक्ती प्रथम उसळून बापाचा मृत्यू होतो. सोळा वर्षांच्या त्या पोरीला जिवंत जाळण्याची शिक्षा होते. खंजीरमंडळ नावाची खुणाधारी तरुणांची गुप्त संघटना तिला सोडवते. परंतु सोडवणारेही तिच्याकडे एक हत्यार म्हणूनच पाहतात, तिच्यावर विश्वास टाकीत नाहीत, आणि एका भयंकर चुकीने त्यांचा नायक एन्झो मारला गेल्यावर तिला हाकलून देतात.

येथून दुसरा भाग सुरू होतो. धाकटी बहीण व्हायोलेटा हिला बरोबर घेऊन ॲडेलिना परदेशी जाते, मॅजियानो नावाच्या हुशार चोराला गाठते, आपल्यासारखेच आणखी काही लोक जमवते आणि गुलाबमंडळ उभारते. मालफेट्टोंचा कर्दनकाळ टेरेन सांतोरो आणि तिला हाकलणारे खंजीरमंडळ, दोघांचाही तिला हिशेब चुकता करावयाचा आहे. भाग संपतो तेव्हा ती केनेट्राच्या सिंहासनावर बसलेली असते.

आपल्या नाट्यशास्त्रात नायकाच्या विरुद्ध उभा राहतो तो प्रतिनायक. ॲडेलिना त्या अर्थाने प्रतिनायिका नव्हे. ती नायिकेच्याच जागी उभी आहे. तिच्या वाट्याची प्रकरणे 'मी' म्हणून तीच सांगते, त्यामुळे तिचा प्रत्येक राग आपल्याला प्रथम रास्तच वाटतो. अशा स्त्रिया वाङ्मयाला नव्या नाहीत. ग्रीक नाटककार युरिपिडीजची मीडिया इसवी सनापूर्वी ४३१ साली रंगभूमीवर आली. भीष्माच्या वधासाठी दुसरा जन्म घेणारी अंबा आपल्या घरचीच आहे. ह्या बायकांवर आधी अन्याय झालेला असतो. तो वगळून त्यांची गोष्ट सांगताच येत नाही.

आता तिच्या शक्तीकडे पाहू, कारण ग्रंथाचे मर्म तेथे आहे. ॲडेलिना भ्रम निर्माण करते. नसलेली वस्तू ती दाखवते, नसलेली वेदना शरीरात भासवते. ह्या शक्तीचे इंधन म्हणजे भय आणि द्वेष. भोवती जितके भय, तितके तिचे बळ. म्हणजे जिंकल्यावर थांबावे अशी सोयच नाही. भय आटले की बळ आटले. मधल्या भागात तिच्या कानांत कुजबुज सुरू होते. भ्रम आपोआप उठू लागतात. जग फसवण्यासाठी उभे केलेले खोटे आणि समोरचे खरे, ह्यांतला भेद तिचा तिलाच कळेनासा होतो.

हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून बसलो, कारण हा रोग आम्ही जवळून पाहिला आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही संप चालवला. मागणी सोळा आणे खरी होती. तिसऱ्या आठवड्यात एक फिटर कामावर गेला. त्याची बायको आजारी आहे, औषधाला पैसे नाहीत, ही चौकशी आम्ही केली नाही. गेटसभेत आम्ही त्याचे नाव घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारावर डांबराने 'गद्दार' लिहिले गेले, वाण्याने उधारी बंद केली, त्याच्या मुलांशी कोणी बोलेना. हे करा असे आम्ही म्हणालो नव्हतो; थांबवा असेही म्हणालो नाही. संप जिंकला, पगारवाढ झाली, आम्हांला हार पडले. पुढच्या संपाच्या वेळी सभेत सगळे हात वर आले आणि दहाव्या दिवशी निम्मे लोक एकेकटे सही करून आत गेले. आम्हांला आधी कोणीच बोलले नाही. मागाहून एक म्हातारा कामगार म्हणाला, "भाऊ, हल्ली हात वर होतात ते तुमच्याकडं बघून." आम्ही ज्याला एकजूट समजत होतो तो आमचाच भ्रम होता. ज्याला लोक भितात त्याला खरे कोणी सांगत नाही. त्याच्या भोवती होकारांची भिंत उभी राहते आणि तो आंधळा होतो.

ॲडेलिनाला खरे सांगणारी एकच व्यक्ती होती, व्हायोलेटा. लेखिकेने हिलाही शक्ती दिली आहे, आणि ती कोणती? दुसऱ्याची शक्ती थोपवून धरण्याची! बहीण हाताबाहेर चालली हे पाहून ती तसे करू जाते. ॲडेलिनाला तो विश्वासघात वाटतो. व्हायोलेटा सोडून जाते आणि सिंहासनावर ॲडेलिना एकटी उरते. तिसऱ्या भागात ती शेजारची राज्ये जिंकीत सुटते, आणि अखेरीस त्याच बहिणीसाठी स्वतःचा प्राण देते. सिंहासनाने जे मिळाले नाही ते तिला तेथे मिळते.

मग मुलीच्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, तिचा राग चुकला नाही. टाकलेल्या माणसांना एकत्र केले, तेही चुकले नाही. ते तर आम्ही जन्मभर करीत आलो. खंजीरमंडळाचा दोषही लहान नाही. ज्याला आपण सोडवतो त्याच्यावर विश्वास टाकता येत नसेल, तर ती सुटका अर्धीच. परंतु सगळ्या मालफेट्टोंचे दुःख आणि आपला हिशेब ह्यांची तिने गल्लत केली, आणि तिला थांबवू शकेल असे जे एक माणूस जवळ होते, त्यालाच शत्रू मानले. संघटनेत पुढाऱ्याचा हात धरणारा कोणी असावा लागतो, आणि त्याने हात धरल्यावर पुढाऱ्याला ते सोसावे लागते.

मुलीने ऐकून घेतले आणि विचारले, "तुमचा हात तेव्हा कुणी धरला होता का?" धरला होता. आमच्या पत्नीने त्या सभेच्या रात्रीच सांगितले होते की त्या माणसाच्या घरी जाऊन या. आम्ही गेलो नाही. गेल्या महिन्यात गेलो. फिटर आता निवृत्त झाला आहे. त्याने बसावयास खुर्ची दिली, चहा दिला. त्या दिवसांचा विषय मात्र काढू दिला नाही. निघताना त्याच्या बायकोने दार लावून घेतले, तेव्हा आमचे लक्ष दाराकडे गेले. रंग नवा होता.