बोलावला एक, आले अख्खे वऱ्हाड! लिनक्समधील अनावश्यक पॅकेजचे करायचे काय?

विंडोज १० चे नियमित सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ची सोय आणि नवा प्रोसेसर ज्या संगणकात नाही, त्याच्या मालकापुढे सरळ दोन वाटा आहेत : नवा संगणक घ्यायचा किंवा आहे त्यावर लिनक्स टाकायचे. अमरावतीतील महाविद्यालयाची प्रयोगशाळा असो की अकोल्यातील डीटीपीचे दुकान, चालता संगणक भंगारात देणे कुणालाच परवडत नाही. म्हणून दुसरी वाट धरली जाते. पण लिनक्सवर पहिलाच प्रोग्राम टाकताना पडद्यावर लांबलचक यादी येते. मागितलेले असते एक पॅकेज, सोबत येणार असतात पन्नास. ‘पुढे जायचे का?’ या प्रश्नावर बहुतेक जण यादी न वाचताच ‘वाय’ दाबतात. हे सारे खरेच लागते का?

डिपेंडन्सी म्हणजे काय?

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्राम सगळे काम स्वतः करत नाही. फाइल दाबून लहान करणे, चित्र उघडणे, अक्षरे दाखवणे अशी कामे वेगळ्या पॅकेजमध्ये एकदाच लिहिलेली असतात आणि इतर प्रोग्राम ती वापरतात. एका पॅकेजला दुसऱ्याची गरज असणे म्हणजे डिपेंडन्सी. डेबियन या लिनक्सच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या आवृत्तीत जवळपास ७० हजार पॅकेज आहेत. उबंटू डेबियनवरच उभे आहे. मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅकने तयार केलेले ‘बॉस’ हे भारतीय लिनक्सही डेबियनवर आधारित आहे.

डेबियनमध्ये ही गरज प्रामुख्याने तीन पातळ्यांवर नोंदवतात. लग्नाच्या यादीसारखेच हे आहे. नवरदेवाशिवाय लग्न लागत नाही. ती ‘डिपेंड्स’, म्हणजे अट. वाजंत्री नसली तरी लग्न लागते, पण सहसा असतेच. ती ‘रेकमेंड्स’, म्हणजे शिफारस. घोडा आणि फटाके ही हौस. ती ‘सजेस्ट्स’, म्हणजे सूचना. प्रोग्राम बसवणारी ‘ॲप्ट’ ही आज्ञा पहिल्या दोन पातळ्यांचे सगळे काही आपोआप आणते. त्यात आलेल्या प्रत्येक पाहुण्याची स्वतःची अशीच यादी असते. म्हणून एकाला बोलावले की अख्खे वऱ्हाड येते.

मग अनावश्यक पॅकेज येतात कुठून?

ही यादी पॅकेज बांधणारा माणूस करतो आणि तो बहुधा स्वयंसेवक असतो. आपला प्रोग्राम कुणाकडे अर्धवट चालू नये म्हणून तो हात सैल सोडतो. जी गोष्ट ‘सजेस्ट्स’मध्ये शोभली असती, ती ‘रेकमेंड्स’मध्ये जाते. दुसरे कारण जुन्या नोंदींचे. प्रोग्राम बदलतो, एखाद्या पॅकेजची गरज संपते, पण यादीतले नाव तसेच राहते. तिसरे कारण म्हणजे छत्री-पॅकेज. त्यात स्वतःचे काहीच नसते, फक्त इतरांची नावे असतात.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना भेटणारे उदाहरण ‘टेक्सलाइव्ह-फुल’चे. प्रोजेक्ट रिपोर्ट लेटेकमध्ये लिहायचा म्हणून हे छत्री-पॅकेज मागवले, की जपानी, अरबी, पोलिश अशा भाषांच्या सोयीही येतात आणि डिस्कवरची कित्येक जीबी जागा जाते. साध्या रिपोर्टला मूळ लेटेकचे पॅकेज आणि दोन-चार जोड पुरतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. शिवाय हा खर्च एकदाच होत नाही. प्रत्येक पॅकेजचे अपडेटही पुढे येत राहतात.

एकाला नकोसे, ते दुसऱ्यालाही नकोसेच असते का?

इथे थोडे थांबायला हवे. डेबियनमध्ये ‘फॉन्ट्स-इंडिक’ नावाचे छत्री-पॅकेज आहे. ते बंगाली, गुजराती, गुरुमुखी, कन्नड, मल्याळम, ओडिया, तमिळ, तेलुगू आणि देवनागरी असे सगळे फॉन्ट एकदम आणते. फक्त मराठी टाइप करणाऱ्या दुकानदाराला त्यातले देवनागरी तेवढे पुरे. त्यातही ‘लोहित’ मालिकेत मराठीची वेगळी सोय आहे, कारण मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे आहे. रेड हॅट कंपनीने खुल्या परवान्यावर दिलेली ही मालिका सांभाळण्यात तिच्या पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे.

पण हीच गोष्ट उलट बाजूने पाहा. जर्मनीतल्या वापरकर्त्याला देवनागरी फॉन्ट अनावश्यक वाटतो. त्याचे ऐकून सगळे भारतीय फॉन्ट मूळ स्थापनेतून काढले, तर अमरावतीत नव्या संगणकावर मराठी बातमी उघडल्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसतील. आणि फॉन्ट कुठून आणायचा हेही त्या चौकोनांतच वाचावे लागेल. म्हणजे ‘अनावश्यक’ ही पॅकेजची जात नव्हे. ती कुणाच्या संगणकावर आहे, यावर ते ठरते.

फक्त जागाच जाते, की धोकाही असतो?

धोका असतो आणि त्याचे मोठे उदाहरण २९ मार्च २०२४ रोजी समोर आले. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना दिसले, की दुसऱ्या संगणकावर दूरून लॉगिन करून देणारा एसएसएच हा प्रोग्राम सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतो आहे. मूळ शोधताना ते ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या पॅकेजपर्यंत पोहोचले. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी सुमारे दोन वर्षे प्रामाणिक मदतनिसासारखे काम करून विश्वास मिळवला होता आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला होता.

खरी मेख पुढे आहे. मूळ एसएसएचला एक्सझेड लागतच नाही. ‘मी सुरू झालो’ एवढा छोटा निरोप सिस्टमडी या व्यवस्थेला देता यावा म्हणून डेबियन, फेडोरा अशा काहींनी एसएसएचला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती. त्या लायब्ररीला वेगळ्याच कामासाठी एक्सझेड लागत होते. एका निरोपासाठी जोडलेल्या साखळीतून चोर थेट मुख्य दरवाजापर्यंत आला. ही आवृत्ती तेव्हा चाचणीच्या टप्प्यात होती आणि सर्वसामान्यांच्या स्थिर आवृत्त्यांत पोहोचली नव्हती, म्हणून मोठे संकट टळले. नंतर एसएसएचमध्ये तो निरोप देणाऱ्या मोजक्या ओळीच लिहिल्या गेल्या. लायब्ररीची गरजच संपली.

मग सरसकट सगळे उडवायचे का?

नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध यूट्यूबर लायनस सेबास्टियन यांनी ‘पॉप ओएस’ या लिनक्सवर गेमसाठी स्टीम बसवायला घेतले. पॅकेजच्या नोंदीतील चुकीमुळे ॲप्टने डेस्कटॉपच काढण्याची यादी दाखवली आणि खात्री करण्यासाठी एक पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितले. त्यांनी ते केले आणि डेस्कटॉप गायब झाला. इशारा पडद्यावर होता, पण तो लांबलचक यादीत बुडाला होता.

‘ऑटोरिमूव्ह’ या आज्ञेचेही तसेच. आता कुणालाच नको असलेली पॅकेज ती काढते. पण एखादा नको असलेला प्रोग्राम काढताना त्याच्यासोबत डेस्कटॉपचे छत्री-पॅकेज निघाले, तर त्याच्या आधाराने आलेले बरेच काही ती ‘नको असलेले’ समजते.

वापरकर्त्याने काय करावे?

- ‘वाय’ दाबण्याआधी यादी वाचा. ‘काढली जाणार’ या भागात ओळखीची नावे असतील तर थांबा.
- छत्री-पॅकेजऐवजी नेमके हवे ते मागा. ‘ॲप्ट शो’ ही आज्ञा पॅकेजची माहिती आणि त्याच्या गरजा दाखवते.
- कमी जागेच्या संगणकावर ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय जोडून बसवता येते. नंतर एखादी सोय चालली नाही, तर त्या शिफारशींतले एकेक पाहा.
- एखादे पॅकेज कुणामुळे आले हे ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ सांगते. उत्तर कळल्याशिवाय काढू नका.
- प्रयोगशाळेत एका संगणकावर आठवडाभर चालवून मगच बाकीच्यांवर तशी मांडणी करा.

शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी केले जाणारे. यादीतले नाव खरेच चुकीचे वाटले, तर डेबियनच्या चूक-नोंदणीत ते कळवता येते. कोणते पॅकेज, ते का लागत नाही, काढल्यावर काय तपासले, एवढे साध्या इंग्रजीत लिहिले तरी पुरते. आपल्या संगणकावरचे पॅकेज काढल्याने एकाची जागा वाचते. यादी दुरुस्त झाली, तर ते पॅकेज पुढे कुणाकडेच विनाकारण येत नाही.