दर महिन्याला एक गाणं

"गाणं म्हणायला सांगा, म्हणते मी. पण गाणं करायचं? ते काय आपलं काम आहे?"

तीन वर्षांपूर्वी चैत्रातल्या भिशीत मी ही कल्पना काढली, तेव्हा आमच्या हिंगण्याच्या मैत्रिणींनी मला असंच उडवून लावलं होतं. एक काकू तर म्हणाल्या, "मले सहीपुरतं लिहिता येते, अन् तू गाणं कराले सांगून राहिली!"

ही कल्पना मला सुचली ती आजीमुळे. आजी जात्यावर बसली की दळण सरेपर्यंत तिच्या ओव्या सरत नसत. ती गेल्यावर आम्ही सगळी नातवंडं एकत्र बसलो आणि आठवून आठवून हाती लागल्या चार ओव्या. बाकीच्या तिच्याबरोबर गेल्या. मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवते, मुलांना कविता पाठ करायला लावते. पण घरातली कविता मला कधी वहीत उतरवून ठेवाविशी वाटली नाही. ती रुखरुख अजून जात नाही.

म्हणून मी भिशीत एवढंच सुचवलं, की दर महिन्याला एक विषय ठरवू आणि पुढच्या भिशीला प्रत्येकीने त्यावर चार ओळी आणायच्या. लिहिता येत नसेल तिने म्हणून दाखवायच्या, मी वहीत उतरवीन.

आता तुम्ही म्हणाल, ठरवून कुठे गाणी होतात? मैत्रिणींनो, होतात! 1955 साली पुणे आकाशवाणीवर रामनवमीला गीतरामायण सुरू झालं. कल्पना सीताकांत लाड यांची. ग. दि. माडगूळकरांनी दर आठवड्याला एक गीत द्यायचं आणि सुधीर फडक्यांनी त्याला चाल लावायची, असं वर्षभर चाललं. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून 56 गीतं झाली. त्याच्याही आधीपासून आपल्याकडे समस्यापूर्ती होतीच. एकाने एक चरण द्यायचा आणि बाकीच्यांनी कविता पुरी करायची. गझलकारही दिलेल्या ओळीवर गझल रचतात. सुचण्याची वाट पाहत बसलं तर पोळ्या लाटता लाटता दिवस निघून जातो. तारीख ठरली की मन आपोआप शब्द शोधू लागतं.

आणि शिक्षणाचं म्हणाल, तर असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना कुठे लिहिता-वाचता येत होतं? त्या शेतात, घरात काम करताना गाणी रचत आणि मुलगा सोपानदेव ती उतरवून घेई. त्या 1951 मध्ये गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रोत्साहनाने ती गाणी छापून निघाली. हेमा राईरकर आणि गी पॉयटवां यांनी तर गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. त्या रचणाऱ्या बायका आपल्या आजी-पणजीच होत्या की!

आमचे विषय अगदी साधे असतात. वैशाखात वाळवण, विदर्भातलं ऊन आणि गच्चीवरच्या शेवया-कुरडया यांवर कुणाला काही सुचणार नाही असं होतच नाही. ज्येष्ठात घरातला किंवा गल्लीतला एक आवाज. आषाढात शाळेचा पहिला दिवस. श्रावणात झडत्या. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की पुरुष झडत्या म्हणतात ना, तशा आम्ही बायकांच्या केल्या. कूलर, गॅस सिलिंडर, नळाचं पाणी, कशालाही सोडलं नाही! भाद्रपदात महालक्ष्म्यांचा स्वयंपाक. आश्विनात भुलाबाई, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली म्हणतात त्या चालींवर आपल्या गल्लीचे शब्द बसवायचे. पौषात संक्रांतीचा उखाणा, पण अट अशी की उखाण्यात दागिना आणि साडी यायची नाही!

सुरुवात कशी करायची, हे बऱ्याच जणी विचारतात. सगळ्यांत सोपं म्हणजे ओळखीची चाल घ्यावी. नाही तर अभंगाचं माप घ्यावं. पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. बोटांवर अक्षरं मोजता येतात, जोडाक्षर एकच धरायचं. माझा पहिला प्रयत्न असा होता:

पाखरांचा मेळा, अंगणात ऊन,
शेवया राखून, दमले मी.

हसू नका, पण हे जमलं त्या दिवशी माझी भाजी करपली आणि मला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही!

आता एक गोष्ट सांगते, ती मात्र माझ्या चुकीची आहे. ज्येष्ठातला विषय आवाजाचा होता. कुणी कुकरच्या शिट्टीवर आणलं, कुणी सासऱ्यांच्या खोकल्यावर. शेजारच्या वहिनी नेहमी गप्प बसणाऱ्या. त्यांनी खाली मान घालून दोन ओळी म्हटल्या:

सातचा भोंगा झाला, सायकल उभी दारी,
धुतलेला डबा बाई, पालथा मांडणीवरी.

खोलीत कुणी बोलेना. एमआयडीसीतली त्यांच्या मिस्टरांची कंपनी बंद होऊन चार महिने झाले होते. आमच्यापैकी कुणालाही त्यांनी कळू दिलं नव्हतं, भिशीचे पैसेही वेळेवर भरत होत्या. शेवटी काकू म्हणाल्या, "पुन्हा म्हण बाई." त्या महिन्यात आम्ही चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, भिशी त्यांना दिली.

इथपर्यंत ठीक होतं. पण मला त्या ओळींचं फार कौतुक वाटलं. श्रावणात एका कार्यक्रमात मी त्या वाचून दाखवल्या, त्यांचं नाव घेऊन, त्यांना न विचारता. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी बातमी गल्लीभर झाली आणि भाऊजींच्या कानावरही गेली. वहिनींनी पुढच्या दोन भिश्यांचे पैसे मुलीच्या हाती पाठवले, स्वतः आल्या नाहीत. मी घरी जाऊन माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, ते मी तुमच्यापुढे म्हटलं होतं, लोकांपुढे नाही."

तेव्हापासून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला आहे: इथलं गाणं जिचं आहे तिच्या परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं तेही विचारूनच. दुसरा नियम असा, की चूक काढायची नाही. न कळलेलं फक्त विचारायचं. तिसरा, रिकाम्या हातानेही यायचं. वरच्या दोन ओळी मी इथे दिल्या आहेत त्या वहिनींना विचारून, आणि त्यांच्या सांगण्यावरून नावाशिवाय.

त्या परत आल्या कोजागिरीला. मुलीला भुलाबाईची गाणी म्हणायची होती, म्हणून आल्या आणि मागे बसल्या. दूध आटेपर्यंत मुलींना एक कडवं कमी पडलं, ते यांनी तिथल्या तिथे जोडून दिलं. भाऊजी आता पंखे-कूलरच्या मोटारींचं वाइंडिंग करतात. उन्हाळ्यात त्यांना जेवायलाही फुरसत नसते.

आमची वही आता तिसरी चालू आहे. त्यातल्या सगळ्याच ओळी चांगल्या आहेत असं नाही, काही तर अगदीच ओढूनताणून केलेल्या आहेत. पण सही करणाऱ्या काकूंची सोळा गाणी तिच्यात आहेत. परवा त्यांची नात सुट्टीत आली होती, ती ओट्यावर बसून ती वाचत होती. काकू आतून ओरडल्या, "जोरानं वाच वं, मले ऐकू येत नाही!"

तुमच्याकडेही भिशी असेल, भजनी मंडळ असेल, निदान दोन शेजारणी तरी असतीलच. येत्या महिन्यासाठी आमचा विषय तुम्हीही घ्या: 'माझ्या स्वयंपाकघराची खिडकी.' चार ओळी पुरेत. वही मात्र आधी आणून ठेवा.