सूर्यावरचे वारे

हुबळीतल्या कमरीपेठेत सकाळचं ऊन उतरतं तेव्हा स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी अख्ख्या शहराला सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगाने सूर्याकडे नेत असते. संध्याकाळी साधारण त्याच वेगाने ती आपल्याला सूर्यापासून दूर नेते. आपल्याला याचा पत्ता नसतो, पण सूर्यप्रकाशात त्याची नोंद होते!

हा प्रकाश वर्णपटात नीट पसरला की रंगांमध्ये हजारो काळ्या रेघा दिसतात. सूर्याच्या वातावरणातलं लोह, सोडियम, मॅग्नेशियम आपापल्या ठरावीक रंगांचा प्रकाश शोषून घेतं, त्या या रेघा. वायू आपल्याकडे येत असेल तर रेघ निळ्या बाजूला सरकते, दूर जात असेल तर तांबड्या. शिट्टी वाजवत येणारी आगगाडी पुढे निघून गेली की शिट्टीचा स्वर उतरतो, तसंच हे. सेकंदाला एक किलोमीटर वेगाने रेघ सरकते किती, तर तीन लाखांत एक भाग!

एवढ्याशा सरकण्यावरून खगोलशास्त्रज्ञ जॉन एव्हरशेड यांनी ५ जानेवारी १९०९ रोजी कोडाईकनालच्या वेधशाळेत सूर्यडागांतला वारा ओळखला. डागांत भोवरे असावेत, असं त्या काळी मानलं जाई. एव्हरशेड यांना भोवरा सापडला नाही. सूर्यबिंबाच्या कडेजवळच्या डागात मध्याकडच्या बाजूची रेघ निळ्याकडे सरकलेली होती, कडेकडच्या बाजूची तांबड्याकडे. बिंबाच्या मध्यावरच्या डागात मात्र हे सरकणं दिसेना. म्हणजे डागाच्या गाभ्याभोवतीच्या करड्या पट्ट्यातून वायू आडवा, चोहीकडे बाहेर वाहतो, सेकंदाला साधारण दोन किलोमीटर. न दिसण्यातूनही दिशा कळली, हे मला फार देखणं वाटतं.

आता लेझरवर आधारलेल्या मोजपट्टीने सेकंदाला काही मीटरचा वेगही पकडता येतो. त्यासाठी आधी पृथ्वीचं फिरणं हिशेबातून काटेकोर वजा करावं लागतं.

वर्णपटाची ही विद्या पुण्यातही रुजली होती. कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणात त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून वेध घेतले. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. नायगमवालांचं नाव आपल्या शाळांच्या विज्ञानाच्या पुस्तकांत यायला हवं.