रक्ताच्या अहवालात न दिसणारा आकडा

घरातील मुलाला टाइप-१ मधुमेह असल्याचे निदान झाले की त्या घरात आकड्यांचे राज्य सुरू होते. उपाशीपोटी साखर किती, जेवणानंतर किती, इन्सुलिनचे युनिट किती, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी काय म्हणते, या साऱ्याची वही ठेवली जाते. आई-वडील ती वही मनोभावे लिहितात. परंतु ज्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला जातो, त्या मुलाला स्वतःचा आजार किती मोठे संकट वाटतो, याची नोंद त्या वहीत नसते.

हा आकडाही मोजता येतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथल यांनी असे मांडले की रुग्ण आपल्या आजाराचे एक चित्र मनात रंगवत असतो: हे काय आहे, कशामुळे झाले, किती काळ राहील, याचे परिणाम काय आणि यावर आपला ताबा किती. रुग्णाचे वागणे डॉक्टरांच्या चित्राप्रमाणे नव्हे, तर या स्वतःच्या चित्राप्रमाणे घडते. याच विचारावर १९९६ मध्ये एक प्रश्नावली तयार झाली आणि २००६ मध्ये एलिझाबेथ ब्रॉडबेंट, कीथ पेट्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे अवघ्या नऊ प्रश्नांचे संक्षिप्त रूप प्रसिद्ध केले.

पहिल्या आठ प्रश्नांना रुग्णाने शून्य ते दहा यांपैकी एक अंक द्यायचा असतो. आजाराचा जीवनावर परिणाम किती, तो किती काळ टिकेल, लक्षणे किती जाणवतात, काळजी किती वाटते, मन किती अस्वस्थ होते, असे पाच प्रश्न. आपला ताबा किती, उपचारांचा उपयोग किती आणि आजार कितपत समजला आहे, हे उरलेले तीन. त्यांचे अंक उलटे धरले जातात. एकूण बेरीज ८० पर्यंत जाऊ शकते. बेरीज जितकी मोठी, तितका आजार अधिक धोकादायक वाटतो.

मात्र ही परीक्षेची गुणपत्रिका नव्हे. समजा, दोन मुलांची एचबीएवनसी सारखीच आहे. चौदा वर्षांची मुलगी काळजीच्या प्रश्नाला दहा आणि ताब्याच्या प्रश्नाला एक अंक देते. अहवाल बरा असूनही ती रात्री झोपत नाही. सोळा वर्षांच्या मुलाची बेरीज अगदी लहान येते, कारण आजार काही महिन्यांत जाईल असे तो समजतो. दुसऱ्या मुलाची लहान बेरीज पाहून निश्चिंत होणे चूक ठरेल. उद्या इन्सुलिन चुकवणारा बहुधा तोच असेल. म्हणून केवळ बेरजेवर न थांबता एकेक उत्तर वाचावे लागते. लहान मुलांसाठी प्रश्नांची भाषाही सोपी करावी लागते.

नववा प्रश्न अंकाचा नाही. आजार कशामुळे झाला असे वाटते, याची तीन प्रमुख कारणे रुग्णाने स्वतः लिहायची असतात. येथे मुलाच्या मनातील अपराधभाव उघड होऊ शकतो. ‘मी गोड फार खाल्ले’ असे ते लिहील, किंवा घरात ऐकलेले ‘पूर्वकर्म’ लिहील. वैद्यकशास्त्र सांगते की टाइप-१ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही; यात मुलाचा दोष नाही आणि आई-वडिलांचाही नाही. असातावेदनीय कर्माचा सिद्धांत आपण जाणतो. पण तो समभावासाठी आणि पुरुषार्थासाठी सांगितला आहे, आजारी बालकावर आरोप ठेवण्यासाठी नव्हे.

पर्युषणात ही कसोटी अधिक तीव्र होते. बरोबरीच्या मुलांच्या अठ्ठाईची अनुमोदना होत असताना हे मूल मागे बसून पाहत असते. रात्री साखर ७० च्या खाली गेली तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज लगेच घ्यावे लागते आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी लागते. तेथे चौविहाराचा विचार करत थांबता येत नाही. उपवास असला तरी इन्सुलिन पूर्ण बंद करणे जिवावर बेतू शकते. आपल्या परंपरेने तपाला ‘शक्तितः’ हे विशेषण उगाच जोडलेले नाही. पच्चक्खाणातही समाधी टिकवण्यासाठी आगार ठेवलेला आहे. याविषयी डॉक्टर आणि गुरुमहाराज या दोघांशी आधीच बोलून, तो निर्णय मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावा. नाहीतर औषध म्हणून घेतलेला ग्लुकोज त्याच्या मनात पाप म्हणून जमा होत राहतो.

मनातील चित्र बदलता येते का? न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे पेट्री व सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या प्रौढ रुग्णांशी, ते रुग्णालयात असतानाच, त्यांच्या आजाराविषयीच्या समजुतींवर थोडक्या बैठकांत संवाद साधला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे रुग्ण इतरांपेक्षा लवकर कामावर परतल्याचे आढळले. मुलांचे मन निराळे असते, हे खरे. पण आधी चित्र विचारावे आणि मग त्यातील चूक दुरुस्त करावी, हा क्रम त्यांनाही लागू पडतो.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी हे निदान म्हणजे मृत्यूची चाहूलच होती. आज इन्सुलिन आणि नियमित देखरेख यांच्या आधारे ही मुले शिकतात, नोकरी-व्यवसाय करतात, संसार करतात. तरीही घरातील मोठ्यांच्या कुजबुजीत जुनीच भीती शिल्लक असते आणि मुले ती अचूक ऐकतात.

एक साधा प्रयोग कुटुंबात करता येईल. मूल काळजीच्या प्रश्नाला शून्य ते दहापैकी किती अंक देईल, हे आई-वडिलांनी आधी स्वतंत्रपणे कागदावर लिहावे. मग मुलाला विचारावे. दोन अंकांत मोठे अंतर पडले, तर मुलाला खोटे ठरवण्याची घाई करू नये. ‘इतके का वाटते?’ एवढेच विचारून शांतपणे ऐकावे. अंक फार मोठा असेल तर डॉक्टरांना सांगून समुपदेशकाची मदत घ्यावी. साखरेच्या वहीत या आकड्यासाठीही एक रकाना असावा.