पिकअपला नवे शॉकअप बसविताना : खरेदी, जोडणी आणि पारख

फळे, अंडी, काच, फर्निचर, भंगार किंवा बांधकामाचा माल वाहून नेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याचे पिकअप हेच भांडवल असते. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते. तरीही इंजिन, टायर आणि बॅटरी यांच्याकडे जितके लक्ष दिले जाते तितके शॉक अॅब्सॉर्बरकडे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअपकडे, दिले जात नाही. ते निकामी झाले तरी गाडी चालतच राहते. नुकसान मात्र फुटलेला माल, झिजलेले टायर आणि वाढलेले ब्रेकचे अंतर अशा मार्गांनी होत राहते.

शॉकअपचे काम काय?

शॉकअप वजन पेलते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. वजन पेलण्याचे काम पाट्यांचे किंवा स्प्रिंगचे असते. खड्ड्यात दबलेला पाटा पुन्हा उसळतो आणि तसाच वरखाली होत राहतो. ही उसळी आवरणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळकांड्यातील तेल व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीच्या जोराचे उष्णतेत रूपांतर होते. म्हणून जादा माल भरल्याने गाडी मागे बसत असेल तर जाड शॉकअप बसवून ती उचलली जाणार नाही. तेथे पाटे तपासावेत आणि भार परवान्याच्या मर्यादेत आणावा.

जुने निकामी झाले हे कसे ओळखावे?

नळकांड्यावर तेलाचा पुसट ओलावा असणे हा दोष नव्हे, पण तेलाचे ओघळ दिसत असतील तर सील गेले असे समजावे. टायरच्या नक्षीवरून हात फिरवावा. ठिकठिकाणी खोलगट चट्टे लागत असतील तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. गाडी हाताने दाबून पाहण्याची रीत मोटारीला ठीक आहे, परंतु पाट्यांच्या पिकअपमध्ये पाटे एकमेकांवर घासून स्वतःच उसळी कमी करतात, त्यामुळे ही चाचणी फसवी ठरते. त्याऐवजी खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवावी आणि सायलेन्सरपासून हात सांभाळून एकाच आसावरील दोन्ही शॉकअप चाचपावेत. एक कोमट आणि दुसरे गार लागले तर गार असलेले काम करीत नसण्याचा संभव अधिक.

खरेदी करताना

कंपनीचेच शॉकअप घ्यावे असे नाही. बाहेरच्या बाजारातही चांगला माल मिळतो. गॅब्रियल इंडिया ही १९६१ साली स्थापन झालेली कंपनी असून चाकण आणि नाशिक येथे तिचे कारखाने आहेत. मात्र नावाजलेल्या मालाची नक्कलही होते. म्हणून पक्के बिल, पार्ट नंबर आणि वॉरंटीचा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. शॉकअप रंगवून 'नवे' म्हणून विकणाऱ्यांपासून सावध राहावे. दांडीवर ओरखडा किंवा गंज दिसला तर ते परत करावे.

सर्वांत महत्त्वाचे माप लांबीचे. पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दबलेली, अशा दोन्ही लांब्या जुळल्या पाहिजेत. शॉकअप आखूड असेल तर चाक लोंबताच आसाचा ताण त्याच्यावर येऊन ते तुटते. लांब असेल तर खड्ड्यात आतून ठोकर बसते. पाटा वाढवून गाडी उंच केली असेल तर प्रत्यक्ष मोजूनच माल घ्यावा. गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजनच्या दाबामुळे तेलाला फेस येण्यास आळा बसतो. लांब पल्ल्याच्या आणि खडबडीत रस्त्यावरील गाडीला त्याचा उपयोग होतो. परंतु फार कडक शॉकअप घेतल्यास रिकामी गाडी मागून नाचते, हेही ध्यानात घ्यावे.

बसविताना

१) गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना ठोकळे लावावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, स्टँड लावावेत. आसालाही आधार द्यावा.

२) शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. एक नवे आणि एक जुने असल्यास गाडी ब्रेकमध्ये एका बाजूला ओढू शकते.

३) दुहेरी नळीचे शॉकअप बसविण्यापूर्वी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण ताणावे आणि दाबावे. त्याने आतील हवा निघते. त्यानंतरही मध्येच हात मोकळा सुटत असेल तर माल सदोष आहे.

४) नट फिरत नाही म्हणून दांडी पकडीने आवळू नये. ओरखड्याने सील कापले जाते.

५) रबरी बुशला ग्रीस लावू नये. साबणाचे पाणी पुरे.

६) कडीचे बोल्ट अखेरचे आवळण्याचे काम गाडी चाकांवर टेकवूनच करावे. चाक लोंबत असताना आवळल्यास बुश कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

७) ब्रेकचा पाईप शॉकअपला घासत नाही ना, हे पाहावे.

काढलेल्या गॅसच्या शॉकअपवर गॅसकटर किंवा वेल्डिंग चालवू नये. आत दाब असल्याने ते फुटून कारागिराला गंभीर इजा होऊ शकते. भंगाराच्या व्यावसायिकांनीही हे लक्षात ठेवावे.

पारख कशी करावी?

नवे बसविल्यावर सगळेच बरे वाटते, म्हणून आठवणीवर विसंबू नये. बदलण्यापूर्वी आणि नंतर तोच रस्ता, तोच वेग, तेवढीच टायरची हवा आणि तेवढाच माल ठेवून गाडी चालवावी. एकदा रिकामी आणि एकदा भरलेली. गतिरोधकानंतर गाडी किती वेळा डुलते, ब्रेक लावताच पुढे किती झुकते, वळणावर किती कलते, हे वहीत लिहावे. शे-दोनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत आणि हजार किलोमीटरनंतर गळती पाहावी.

शेवटी हिशेब किलोमीटरचा करावा. समजा, ३,००० रुपयांची जोडी ३०,००० कि.मी. चालली तर किलोमीटरला १० पैसे पडले. ४,५०० रुपयांची जोडी ६०,००० कि.मी. चालली तर साडेसात पैसेच पडले. बसविल्याची तारीख आणि मीटरचा आकडा लिहून ठेवणाऱ्या मालकालाच हा फरक कळतो. गॅरेजवाल्या बंधूंनी जुने शॉकअप ग्राहकाच्या हाती देऊन बिलावर हा आकडा लिहिण्याची सवय लावली, तर त्यांच्या धंद्याची पतही वाढेल.