प्रथिन बिघडते, पण दिसत नाही

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्पदंशावरील लस बहुधा पांढऱ्या भुकटीच्या रूपात ठेवलेली असते. ती वापरताना कुपीत १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी सोडायचे आणि कुपी हळुवार फिरवत भुकटी विरघळू द्यायची, असा दंडक आहे. कितीही घाई असली तरी कुपी जोराने हलवायची नसते. या दंडकामागचे कारण साधे आहे. ही लस म्हणजे घोड्याच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिद्रव्ये असतात आणि प्रतिद्रव्ये ही प्रथिने होत. सांगली जिल्ह्यातील शिराळा येथे घोड्यांपासून अशी प्रतिद्रव्ये तयार करणारी आयसेरा बायॉलॉजिकल ही कंपनी आहे. २०२१ मध्ये कोविडवरील प्रतिद्रव्यांमुळे तिचे नाव सर्वदूर पोहोचले.

प्रथिनांच्या याच नाजूकपणाशी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याचीही गाठ पडते. त्याच्या हाती येणारी कुपी मात्र फारच लहान असते. तीत अनेकदा अवघे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग इतकेच प्रथिन असते. मिठाच्या एका कणाचे वजनही त्याहून अधिक भरेल. कुपीवर लिहिलेले असते: पुनर्संयोजित उंदीर प्रथिन, केवळ संशोधनासाठी.

उंदराचे प्रथिन, उंदराविना

नाव उंदराचे असले तरी हे प्रथिन उंदरापासून काढलेले नसते. उंदराच्या ज्या जनुकात या प्रथिनाचा आराखडा असतो, त्या जनुकाची प्रत ई. कोलाय या जिवाणूत बसवतात. मोठ्या पात्रात जिवाणू वाढवले की ते स्वतःच्या प्रथिनांबरोबर हे परके प्रथिनही तयार करतात. मग जिवाणू फोडून हवे ते प्रथिन वेगळे करायचे, शुद्ध करायचे आणि गोठवलेल्या स्थितीत निर्वात वाळवायचे. एका जीवाचे जनुक जिवाणूत चालवण्याचे तंत्र १९७३ मध्ये स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी दाखवून दिले. त्याच तंत्राने बनलेले मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले.

जनुक बसवलेला जिवंत जिवाणू हाताळायचा तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. शुद्ध केलेले प्रथिन मात्र सजीव नसते. ते वाढत नाही की पसरत नाही. तेव्हा या कुपीपासून धोका फारसा नसतो. जपावे लागते ते कुपीलाच.

मग मानवी प्रथिन वापरले तर चालणार नाही काय? अनेकदा चालत नाही. जीएम-सीएसएफ या प्रथिनाचे उदाहरण घेऊ. अस्थिमज्जेतील पेशींना रोगप्रतिकारक पेशी होण्याचा संदेश ते देते. माणसाच्या आणि उंदराच्या जीएम-सीएसएफची रचना जुळते ती निम्म्याहून थोडीच अधिक. परिणामी माणसाच्या प्रथिनाचा संदेश उंदराच्या पेशींना कळत नाही आणि उंदराच्या प्रथिनाचा माणसाच्या पेशींना. प्रयोगात उंदराच्या पेशी असतील तर प्रथिनही उंदराचेच हवे.

कुपी उघडण्यापूर्वी आणि नंतर

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट घडी घालून बसलेली असते आणि तिचे सारे काम त्या घडीवर अवलंबून असते. उष्णतेने घडी मोडते. अंडे उकडल्यावर आपण हेच पाहतो. जोराने घुसळल्यावर उठणाऱ्या फेसात, हवा आणि पाणी यांच्या सीमेवर, ती उलगडते. गोठवताना पाण्याचे स्फटिक होतात, उरलेल्या द्रवात क्षारांचे प्रमाण वाढते आणि साखळ्या एकमेकींना चिकटू लागतात. म्हणून एकच नमुना वारंवार वितळवणे आणि गोठवणे घातक ठरते.

हाताळणीचे नियम यातूनच आले आहेत. थंड कुपी लगेच उघडायची नाही, नाहीतर हवेतील ओलावा आत शिरतो. उघडण्यापूर्वी ती सेंट्रिफ्यूज यंत्रात थोडा वेळ फिरवायची, कारण झाकणाला चिकटलेली भुकटी झाकणाबरोबरच निघून जाते. माहितीपत्रकात सांगितलेलेच द्रावण घालायचे. १० मायक्रोग्रॅम प्रथिनात १०० मायक्रोलिटर द्रावण घातले, तर पेशींना मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम देण्यासाठी ५ मिलिलिटर पोषणद्रवात त्यातला फक्त एक मायक्रोलिटर पुरतो. इतक्या विरळ अवस्थेत प्रथिन नळीच्या भिंतीलाच चिकटून संपून जाऊ शकते. त्यासाठी गायीच्या रक्तातील अल्ब्युमिन हे निरुपद्रवी प्रथिन जोडीला देतात. मग द्रावणाचे छोटे छोटे वाटे करून ते गोठवायचे आणि प्रत्येक वाटा एकदाच वापरायचा.

खरी अडचण पुढेच आहे. दूध नासले तर कळते. प्रथिन बिघडले तर द्रावण बहुतेक वेळा पूर्वीसारखेच स्वच्छ दिसते. अस्थिमज्जेच्या प्रयोगात आठवडाभराने पेशी तयार झालेल्या नसतात, तेव्हा काहीतरी बिनसल्याचे लक्षात येते. एखादा विद्यार्थी तेव्हाही आपले गृहीतकच चुकले असे मानून मोकळा होतो.

उलट प्रकारही घडतो. कोलाय जिवाणूच्या आवरणातील एंडोटॉक्सिनचा अंश प्रथिनात राहून गेला, तर रोगप्रतिकारक पेशी त्यालाच प्रतिसाद देतात आणि श्रेय प्रथिनाला मिळते. यावर जुनी, स्वस्त पडताळणी आहे. थोडे प्रथिन उकळून तेही पेशींना द्यावे. उकळल्याने बहुतेक प्रथिने निकामी होतात, एंडोटॉक्सिन मात्र टिकून राहते. उकळल्यावरही परिणाम तसाच दिसला, तर तो प्रथिनाचा नसावा असे समजावे.

वीज गेली तर?

साताऱ्यातील यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, कराडचे कृष्णा विश्व विद्यापीठ, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय अशा संस्थांमुळे या दोन जिल्ह्यांत जीवविज्ञानाच्या शिक्षणाचा पाया तयार झाला आहे. पेशींचा राष्ट्रीय संग्रह सांभाळणारे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रही पुण्यात, म्हणजे फार दूर नाही. परंतु कोयनेच्या विजेचा हा प्रदेश खंडित पुरवठ्यापासून सुटलेला नाही. भारनियमनाची वर्षे लोकांच्या स्मरणात आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. तशा दिवसांत शीतपेटीत काय वितळले आणि काय पुन्हा गोठले, याची नोंद नसेल तर पुढच्या सगळ्या प्रयोगांवर संशयाची छाया राहते.

यावरचे उपाय महागडे नाहीत. शक्यतो प्रथिन कोरड्या भुकटीच्या रूपातच ठेवावे, कारण त्या रूपात ते अधिक तग धरते. गरज असेल तेव्हाच एक कुपी विरघळवावी. आपोआप बर्फ वितळवणारी घरगुती फ्रिजची पेटी यासाठी वापरू नये, कारण तिच्यातील तापमान सतत वरखाली होत असते. शीतपेटीत किमान आणि कमाल तापमान नोंदवणारा तापमापक ठेवावा आणि वीज गेल्याची वेळ वहीत लिहावी. प्रत्येक नळीवर तारीख असावी. नवी कुपी आली की ज्ञात परिणाम देणाऱ्या पेशींवर तिची चाचणी घ्यावी, आणि शंका असलेला नमुना 'बघू, चालला तर चालला' म्हणून वापरू नये.

या काटेकोरपणाला केवळ पैशाचे कारण नाही. अशा प्रयोगांतील अस्थिमज्जा उंदरांकडूनच घेतली जाते आणि त्यासाठी ते मारले जातात. प्राणिप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या नैतिक समित्या कमीत कमी प्राणी वापरण्याचा आग्रह धरतात तो यामुळेच. बिघडलेल्या प्रथिनामुळे प्रयोग वाया गेला की ते प्राण विनाकारण गेलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे चुकीचा निष्कर्ष छापला गेला, तर दुसऱ्या गावातील दुसरी प्रयोगशाळा तोच प्रयोग पुन्हा करते आणि आणखी उंदीर खर्ची पडतात. शीतपेटीशेजारची नोंदवही हे टाळू शकते. तिला लागते ती रोजची दोन मिनिटे.